औषध बाधतं तेव्हा

१९८७ सालची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत मी नवा अधिकारी म्हणून रुजू झालो होतो. वय सव्वीस. टेबलावर काच, काचेखाली व्याजदरांचं परिपत्रक आणि डोक्यात शिस्तीच्या नाना कल्पना. शाखेत एक शिपाई होते. पन्नाशीच्या आतबाहेरचे, किरकोळ अंगाचे. सगळी शाखा त्यांना मामा म्हणत असे. मामा सकाळी सर्वांच्या आधी येत, टेबलं पुसत, लेजरं जागच्या जागी ठेवत आणि दिवसभर अदबीनं वावरत.

त्या पावसाळ्यात मामांचं काहीतरी बिनसलं. सकाळी उशिरा येऊ लागले. चालताना भिंतीला हात लावत. एकदा पाण्याचा ट्रे घेऊन येताना कॅश काउंटरपाशी त्यांचा तोल गेला आणि ग्लास एका खातेदाराच्या अंगावर. खातेदार गावातला वजनदार माणूस. त्यानं नाकाला रुमाल लावला आणि माझ्याकडे बघून नुसतं हसला. मी मामांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं, बाहेर सगळ्यांना ऐकू जात होतं. मी विचारलं, ''मामा, सकाळी सकाळीच घेता काय?''

मामा काहीच बोलले नाहीत. मान खाली घालून उभे राहिले. मी पुन्हा असं दिसलं तर मेमो देईन म्हणालो. आणि गंमत म्हणजे पंधरा-वीस दिवसांत मामांचं चालणं पुष्कळ सुधारलं. वेळेवर येऊ लागले. मला वाटलं, दम दिल्याचा उपयोग झाला. त्या वर्षीच्या माझ्या कामगिरीत मी मनातल्या मनात ही एक गोष्ट जमेला धरली होती, हे आज लिहिताना लाज वाटते.

१९९० मध्ये मामा वारले. मी तोवर त्याच शाखेत होतो. भविष्यनिर्वाह निधीचे आणि ग्रॅच्युइटीचे कागद भरून घ्यायला त्यांच्या घरी गेलो. पत्र्याची ट्रंक उघडून त्यांच्या बायकोनं एकेक कागद काढला. नेमणुकीचं पत्र, रेशनकार्ड, आणि त्यात सरकारी दवाखान्यातली एक मळकी उपचारपत्रिका. क्षयाची. तारखांच्या चौकटी होत्या आणि प्रत्येक चौकटीत एक फुली. चौतीस फुल्या झाल्यावर पुढची सगळी पानं कोरी. मी विचारलं, हे मध्येच का थांबलं? त्या माउलीनं सरळ सांगितलं, ''सुई घेतली की गरगरायचं त्यास्नी. तोल जायचा. कचेरीत कुनी सायबानं दारू प्यालाय का इचारलं म्हनं. त्या दिसापास्नं सुईला गेलं न्हाईत, गोळ्या बी टाकल्या.''

तो साहेब कोण हे तिला ठाऊक नव्हतं. मी तिची सही जिथं हवी तिथं पेन्सिलीनं फुली करून दिली.

पुढं मी कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत बँक आली, तालुका आला, नाना तऱ्हेची माणसं आली. मामा आले नाहीत. आज ते इथं आले, कारण २०२२ मध्ये क्षयाची औषधं आमच्याच घरात आली.

ती सुई होती स्ट्रेप्टोमायसिनची. त्या काळी सरकारी दवाखान्यातून पहिले दोन महिने हे इंजेक्शन आणि पुढं वर्षभर गोळ्या, असा उपचार सर्रास चालत असे. स्ट्रेप्टोमायसिन आतल्या कानाला बाधतं. आतल्या कानात ऐकण्याचं यंत्र असतं, तसंच तोल सांभाळण्याचंही. औषध कुणाचं ऐकणं नेतं, कुणाचा तोल. मामांचा तोल जात होता. दारू प्यायलेला माणूस आणि स्ट्रेप्टोमायसिननं डळमळणारा माणूस, दोघांची चाल सारखीच दिसते. विशेषतः अंधारात आणि अरुंद जागेत. मामांनी दवाखान्यात ''गरगरतंय'' एवढं सांगितलं असतं, तर इंजेक्शन थांबवून दुसरं औषध सुरू करता आलं असतं. पण गरगरणं सांगायचं असतं, हेच त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि कचेरीत क्षय म्हणून सांगितला तर नोकरी जाईल, ही भीती होती. दारुडा ठरणं त्यांनी त्या मानानं स्वस्तात पत्करलं.

क्षयावर मुळात औषध मिळालं हीच केवढी मोठी गोष्ट होती, ते आपल्या पिढीला नीटसं उमगत नाही. डॉक्टर होऊन अमेरिकेतून परतलेल्या आनंदीबाई जोशी १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या, तेव्हा त्यांना बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू १८८२ मध्येच दाखवला होता. म्हणजे शत्रू कोण हे कळलं होतं, हाती शस्त्र मात्र काहीच नव्हतं. त्यानंतर साठ वर्षं माणसं हवापालट करत राहिली, अंडी-दूध घेत राहिली, सॅनेटोरियमच्या व्हरांड्यात पडून राहिली. १९४३ मध्ये मातीतल्या एका जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. हे रसायन प्राग शहरात १९१२ मध्येच तयार झालेलं होतं आणि चाळीस वर्षं कुणाला त्याचा उपयोग ठाऊक नव्हता. साठच्या दशकात रिफाम्पिसिन आलं, तेही मातीतूनच. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून इटलीतल्या मिलानला आणलेल्या मातीतून. ज्यांनी ते शोधलं त्यांनी त्या वेळी गाजत असलेल्या 'रिफीफी' नावाच्या सिनेमावरून त्या कुळातल्या औषधांचं नाव बेतलं. शास्त्रज्ञही सिनेमाला जातात हे वाचून मला बरं वाटलं होतं.

आणि आपल्या देशानं या कथेत घातलेली भर विसरून चालणार नाही. मद्रासला १९५६ मध्ये एक प्रयोग सुरू झाला. निम्मे रोगी सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपापल्या झोपडीत, चाळीत, घरच्याच अन्नावर. औषधं दोघांना सारखीच. १९५९ मध्ये निष्कर्ष आले. घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले होते आणि घरच्या माणसांना त्यामुळं जास्त लागण झाली नव्हती. त्या एका निष्कर्षानं जगभरची सॅनेटोरियमं हळूहळू ओस पडली. पण त्याचा एक परिणाम असाही झाला, की औषधाचा त्रास बघणारी परिचारिका उशाशी राहिली नाही. तो त्रास आता घरातल्या माणसांनी बघायचा होता. बायकोनं, आईनं, मुलानं. आणि कचेरीतल्या साहेबानंसुद्धा.

आमच्या घरी झालं ते असं. सौभाग्यवतीच्या मानेला डाव्या बाजूला एक गाठ आली. दुखत नव्हती. दोन महिने तिनं ती पदराआड ठेवली. शेवटी सुईनं पाणी काढून तपासणी झाली आणि गाठीचा क्षय निघाला. आमच्या आजीच्या भाषेत गंडमाळ. तपासणाऱ्या डॉक्टरबाई चांगल्या होत्या. ''सहा महिने, एकही दिवस न चुकता,'' म्हणाल्या. वजन केलं, चोपन्न किलो भरलं, म्हणून रोज चार गोळ्या. या गोळ्यांत आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथॅम्ब्युटॉल अशी चारही औषधं एकत्र बांधलेली असतात आणि किती गोळ्या घ्यायच्या ते रोग्याच्या वजनावर ठरतं. पूर्वी सरकारी योजनेत आठवड्यातून तीन दिवस सात-सात गोळ्या एकदम घ्याव्या लागत. २०१७ पासून देशभर रोजचा डोस सुरू झाला.

पहिल्याच दिवशी दुपारी ही न्हाणीघरातून घाबरीघुबरी बाहेर आली. लघवी नारिंगी. मी फोन केला. डॉक्टरबाई हसल्या. रिफाम्पिसिनचा तो रंग. घामाला, थुंकीला, अगदी डोळ्यांतल्या पाण्यालासुद्धा येतो. त्यात काही भय नाही. गोळी घेतल्यावर काही तासांनी येतो आणि दुसऱ्या सकाळपर्यंत फिका पडतो. हे आम्हाला आधी सांगितलं असतं तर एक फोन वाचला असता. पण आमच्याकडे फोन करायला नंबर तरी होता. नवी सून सासरी गुपचूप औषध घेत असेल, तर तिच्या पोटात काय कालवाकालव होत असेल! कितीक जणींनी या रंगाला भिऊनच गोळ्या मोरीत टाकल्या असतील.

खरा प्रसंग आला पाचव्या आठवड्यात. हिला अन्नावरची वासना उडाली. प्रथम आम्हाला वाटलं, गोळ्यांनी होतंच असं. मळमळ तर पहिल्या दिवसापासून होती. तिच्यावर उपायही सापडला होता. या गोळ्या उपाशीपोटी घेतलेल्या बऱ्या, पण अगदीच सोसेना तर थोडंसं खाऊन घेतल्या तरी चालतात. ती सकाळी दोन खाकरे खाऊन गोळ्या घेई आणि मळमळ आटोक्यात राही. पण ही मळमळ निराळी होती. फोडणीचा वास आला तरी ती गॅलरीत जाऊन उभी राही. चहा नको, भात नको. उजव्या कुशीत जडपणा. पायांत त्राण नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ''औषध गरम पडतंय, आठ दिवस बंद ठेवा, ताक द्या.'' माझा भाऊ म्हणाला, ''असलं तेज औषध आहे म्हटल्यावर त्रास होणारच, सोसायला हवं. सोडायचं नाही.''

दोघंही प्रेमानं सांगत होते आणि दोघांचाही सल्ला घातकच होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला गॅलरीत उन्हाला तोंड करून बसवलं आणि डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरं पिवळसर दिसत होतं. आता ही गोष्ट प्रत्येक घरानं लक्षात ठेवण्यासारखी आहे. रिफाम्पिसिननं लघवी नारिंगी होते, पण नेहमीच्या डोसनं डोळ्याचं पांढरं पिवळं होत नाही. लघवी दिवसभर, दुसऱ्या सकाळीसुद्धा, काळ्या चहासारखी गडद राहिली, अन्न नकोसं झालं आणि डोळा पिवळा दिसला, तर ती कावीळ. मग त्या दिवशीची गोळी घ्यायचीच नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. ट्यूबलाइटच्या उजेडात हा पिवळेपणा लपतो. उन्हातच बघावा.

रक्त तपासलं. यकृताच्या पेशी दुखावल्या की एस.जी.पी.टी. नावाचा एक आकडा वाढतो. साधारण चाळीसच्या आत असायला हवा, हिचा तीनशेच्या वर होता. डॉक्टरबाईंनी सगळी औषधं बंद केली. त्यांचा नियम सरळ होता. त्रास होत असेल आणि आकडा वरच्या मर्यादेच्या तिप्पट असेल, तर थांबायचं. काहीच त्रास नसला तरी पाचपट झाला की थांबायचं. त्याच्या आत थोडाफार वाढला असेल तर नजर ठेवून चालू ठेवायचं, कारण पुष्कळांचा आकडा सुरुवातीला थोडा वर जातो आणि आपोआप खाली येतो. चार औषधांपैकी तीन यकृताला बाधू शकतात. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड. चौथं एथॅम्ब्युटॉल त्या बाबतीत बरंच सज्जन. ज्यांना आधीच यकृताचा आजार आहे, ज्यांचं दारूचं व्यसन आहे, जे वयानं झालेले आहेत किंवा फार रोडावलेले आहेत, त्यांना धोका अधिक. त्यांची तपासणी औषध सुरू करण्याआधी आणि नंतरही अधूनमधून व्हायला हवी.

औषध बंद झालं आणि आमच्याकडे सल्लागारांची रीघ लागली. कावीळ म्हटलं की महाराष्ट्रातला प्रत्येक माणूस अर्धा वैद्य होतो. कुणी काविळीची माळ आणून दिली, डोक्यावर ठेवली की आपोआप खाली उतरते ती. कुणी अमुक गावी नाकात थेंब टाकतात म्हणाला. कुणी मुळी उगाळून दुधात द्यायला सांगितली. माळेनं काही बिघडत नाही, म्हणून ती मी ठेवून घेतली. मुळी मात्र परत केली. नाकात घालायच्या कडू थेंबांनी माणसाचे फार हाल होतात, हे मी पाहिलेलं आहे. आणि ज्या यकृताला माहीत असलेलं औषध पेलवत नाही, त्याच्यावर माहीत नसलेली मुळी लादायची, हा कुठला हिशेब? भावाला वाईट वाटलं. मुळी त्यानंच मिळवली होती.

अडीच आठवडे गेले. मानेतली गाठ तशीच, औषध बंद, आणि मनात एकच विचार, जंतू आता मोकाट सुटतील. डॉक्टरबाईंनी समजावलं, की हिचा क्षय गाठीचा आहे, काही आठवडे थांबायला हरकत नाही. रोग जोरात असता, फुप्फुसं भरलेली असती किंवा मेंदूच्या आवरणाला झाला असता, तर असं रिकामं ठेवलं नसतं. मग यकृताला न बाधणारी एथॅम्ब्युटॉल, लिव्होफ्लॉक्सासिन अशी औषधं मध्यंतरी दिली असती.

आकडा खाली आल्यावर पुन्हा सुरुवात झाली, पण एकत्र गोळ्यांनी नव्हे. सुटी औषधं, एकेक करून. आधी एथॅम्ब्युटॉल आणि रिफाम्पिसिन. आठवड्यानं रक्त तपासलं. ठीक. मग आयसोनियाझिड. पुन्हा आठवडा, पुन्हा रक्त. ठीक. ताळेबंद जुळत नसला की आम्ही बँकेत हेच करत असू. सगळी वही एकदम फाडायची नाही, एकेक नोंद टिक करत जायचं, चूक कुठं आहे ती सापडते. आमची चूक पायराझिनामाइडमध्ये असावी, असा अंदाज बांधून ते पुन्हा दिलंच नाही. त्याची किंमत म्हणून सहा महिन्यांचे नऊ झाले. ही एकेक करून औषध चढवण्याची पद्धत जगभर वापरली जाते आणि यातून बहुतेकांना बहुतेक औषधं पुन्हा सोसतात. मात्र हे घरी आपल्या मनानं करायचं नाही. चारांतली दोन आवडती गोळी घ्यायची आणि दोन सोडायची, हा तर सर्वांत वाईट मार्ग. पुरेसा मार न मिळालेले जंतू त्यातूनच औषधांना निर्ढावतात.

या नऊ महिन्यांत मी एक वही ठेवली. जुनी सवय. तारीख, गोळीची वेळ, काय खाल्लं, काय झालं. सुरुवातीला सौ. चेष्टा करायची, की निवृत्त झाले तरी यांचं लेजर सुटत नाही. पण डॉक्टरबाई प्रत्येक वेळी आधी वही मागत. त्या वहीतून कितीतरी बारीकसारीक गोष्टी उलगडल्या. तळपायांना झिणझिण्या येऊन रात्री आग होई, ती आयसोनियाझिडमुळं. हे औषध शरीरातलं ब-६ जीवनसत्त्व खर्चून टाकतं. ते जीवनसत्त्व पायरिडॉक्सिन या नावानं मिळतं, अगदी स्वस्त. मधुमेही, दारू पिणारे, अशक्त माणसं आणि गरोदर बायका यांना तर ते पहिल्या दिवसापासून द्यावं असं सांगतात. हिची आग महिन्याभरात शमली. एकदा आदल्या दिवशीचा बांगडा खाल्ल्यावर हिचा चेहरा लालबुंद झाला आणि छातीत धडधडू लागलं. आयसोनियाझिड चालू असताना नीट न राखलेला मासा किंवा मुरलेलं चीज खाल्लं तर असं होऊ शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. पुढं बांगडा ताजाच, नाहीतर नाहीच. अंगाला खाज सुटली होती तेव्हा साधी ॲलर्जीची गोळी पुरली. पण खाजेबरोबर ताप आला, तोंडात फोड आले, कातडी सोलवटली किंवा चेहरा सुजला, तर सगळं बंद करून तडक दवाखाना, असं मी वहीच्या पुठ्ठ्यावर लाल शाईनं लिहून ठेवलं होतं.

आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका गृहस्थांना पायराझिनामाइडनं सांधे धरले. त्या औषधानं रक्तातलं युरिक ॲसिड वाढतं. त्यांनी औषध सोडायचं ठरवलं होतं. डॉक्टरांनी साधी दुखण्याची गोळी दिली आणि दोन महिन्यांनी ते औषध नियमाप्रमाणे संपल्यावर सांधे मोकळे झाले. म्हणजे काही त्रास असे, की ज्यांच्यासाठी औषध मुळीच थांबवायचं नाही, आणि काही असे, की एक दिवसही चालू ठेवायचं नाही. ही निवड रोग्यानं करायची नसते. त्यानं फक्त सांगायचं असतं. पण सांगायला समोरच्यानं विचारावं लागतं. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एका रोग्याच्या वाट्याला किती मिनिटं येतात ते आपण जाणतोच. मी डॉक्टरांना दोष देत नाही. बँकेच्या काउंटरवर वीस-बावीस माणसांची रांग असताना मीही कुणाला ''आणखी काही?'' असं विचारलेलं नाही.

डोळ्यांचं मात्र वेगळं. एथॅम्ब्युटॉल डोळ्याच्या नसेला बाधू शकतं. फार थोड्यांना, पण बाधतं. आधी रंग फिके पडतात, तांबडं-हिरवं ओळखू येईनासं होतं, मग बारीक अक्षर पुसट होतं. लगेच औषध थांबवलं तर नजर बहुधा परत येते. दुर्लक्ष केलं तर येईलच असं नाही. डॉक्टरबाईंनी हिला घरगुती चाचणी सांगितली होती. रोज सकाळी वर्तमानपत्रातलं तेच ते बारीक अक्षर आधी एक डोळा झाकून वाचायचं, मग दुसरा झाकून. आमच्याकडे त्यासाठी वधू-वर जाहिरातींचं पान ठरलेलं होतं. नऊ महिन्यांत हिनं किती स्थळं वाचली असतील देव जाणे.

माझ्या वयाच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. साठीनंतर प्रत्येकाकडे आठवड्याच्या गोळ्यांचा प्लास्टिकचा डबा असतोच. रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं, की दुसरी औषधं शरीरातून लवकर निघून जातात. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या नेहमीच्या डोसात अपुऱ्या पडतात. साखर अकारण वाढलेली दिसते आणि माणूस पथ्याला दोष देतो. तरुण बायकांच्या बाबतीत संततिनियमनाच्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही. तेव्हा क्षयाच्या डॉक्टरसमोर तो सगळा डबा नेऊन उपडा करावा, हे उत्तम.

हे सगळं झालं साध्या क्षयाचं. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या रोग्यांनी जे सोसलं त्यापुढं आमची नऊ महिन्यांची वही काहीच नाही. त्यांना कित्येक महिने कॅनामायसिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. स्ट्रेप्टोमायसिनचंच ते भावंड. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन या तरुण मुलीची श्रवणशक्ती २०१३ मध्ये अशा औषधांपायी गेली. ती नृत्य शिकलेली. दक्षिण आफ्रिकेतल्या फुमेझा टिसिले हिचंही तेच झालं. या दोघींनी २०१९ मध्ये बेडाक्विलिन या नव्या औषधाच्या पेटंटची मुदत भारतात वाढवून देण्याविरुद्ध अर्ज केला. हे औषध तोंडानं घ्यायचं असतं, त्यानं कान जात नाहीत. मार्च २०२३ मध्ये आपल्या पेटंट कार्यालयानं कंपनीची मागणी फेटाळली. दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्येच कॅनामायसिन वापरू नये असं सांगितलं होतं, आणि २०२४ च्या सप्टेंबरात भारत सरकारनं सहा महिन्यांच्या, निव्वळ गोळ्यांच्या नव्या उपचाराला मान्यता दिली. त्या गोळ्याही निरुपद्रवी नाहीत. लिनेझोलिडनं रक्त उतरतं आणि पायांच्या नसा जळतात, बेडाक्विलिनसाठी हृदयाचा आलेख काढत राहावा लागतो. पण हे त्रास वेळेवर नजरेला येतात आणि डोस बदलता येतो. गेलेला कान परत येत नाही.

मामांच्या बाबतीत मी पुष्कळदा हिशेब मांडून पाहिला आहे. चौतीस सुया झाल्या होत्या. दोन महिन्यांच्या सुयांतल्या निम्म्याहून अधिक. दवाखान्यात कुणी विचारलं असतं, तर सुई थांबली असती आणि गोळ्या चालू राहिल्या असत्या. मी केबिनचं दार लावून विचारलं असतं, तर कदाचित त्यांनी मलाच सांगितलं असतं. त्यांच्या मुलाला पुढं बँकेत अनुकंपा तत्त्वावर लावून घेतलं. त्या कागदांवर शिफारशीची सही माझी होती. ते कुणाला पुरेसं वाटलं तर वाटो.

सौ.च्या गोळ्या गेल्या त्या २०२३ मध्ये संपल्या. गाठ राहिली नाही, तिथं हरभऱ्याएवढी टणक खूण तेवढी आहे. सरकारकडून पोषणासाठी दरमहा ५०० रुपये तिच्या खात्यात जमा होत. ती योजना २०१८ पासून आहे आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये रक्कम १००० रुपये झाली. हिनं त्यांतला एक रुपयाही काढला नव्हता. उपचार संपल्यावर पंधरा दिवसांनी आमच्या भागातल्या आशाताई घरी आल्या. म्हणाल्या, ''काकू, मागच्या चाळीत एक रिक्षावाला आहे. उलट्या होतात म्हणून चार दिवस झाले गोळ्या घेत नाही. माझं ऐकत नाही. तुम्ही एकदा बोलाल?''

हिनं कपाटातून माझी वही काढली, चष्मा घेतला. मीही मागून गेलो. खोली दहा बाय दहाची. तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता, बायको स्टोव्हपाशी. ही आधी त्याला खिडकीशी घेऊन आली आणि पापणी ओढून डोळा बघितला. पांढरा होता. मग समोर खाली बसली, वही उघडून कोरं पान काढलं आणि विचारलं, ''गोळ्या कधी घेत होतास? चहाच्या आधी की नंतर?''